नित्यकर्माचा काळ, काम्यकर्माची अट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे रूढ भाषेत ग्रीन कार्ड, मागणाऱ्या माणसाकडून तिथला कायदा दोन अपेक्षा ठेवतो. विहित क्रमाने अर्ज करावा ही पहिली, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशातले तात्पुरते वास्तव्य एखाद्या मान्य वर्गात अखंड व निर्दोष राखावे ही दुसरी. या दुसऱ्या अपेक्षेला तिथली मराठी कुटुंबे ‘स्टेटस सांभाळणे’ म्हणतात. अर्जाच्या पायऱ्या मोजक्या असतात, स्टेटस मात्र रोज सांभाळावे लागते. अर्जाच्या शेवटी काही मिळण्याची आशा असते, स्टेटस सांभाळल्याबद्दल पदरात काहीच पडत नाही, पण ते सुटले तर वर्षानुवर्षांची मांडामांड उधळली जाऊ शकते. केल्याने फळ नाही आणि न केल्याने दोष आहे, अशा कर्तव्याचे स्वरूप काय, आणि ते माणसावर किती काळ व किती काटेकोरपणे लादता येते, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. आधुनिक राजकीय तत्त्वज्ञानाने त्याची चर्चा केली आहे, पण त्याची सर्वांत बारीक चिरफाड पूर्वमीमांसेत, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात सापडते.

मीमांसकांनी विहित कर्मांचे जे वर्ग पाडले त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे ते काम्यकर्म. पावसासाठी कारीरी इष्टी किंवा पशुधनासाठी चित्रा इष्टी ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. ज्याला स्वतंत्र फळ सांगितलेले नाही, पण जे टाळले असता दोष लागतो, ते नित्यकर्म. संध्यावंदन आणि आयुष्यभर चालवायचे अग्निहोत्र या वर्गात येतात. न करण्यातून लागणाऱ्या या दोषाला प्रत्यवाय अशी संज्ञा आहे. नित्यकर्माने पापक्षय होतो असे काही आचार्यांनी मानले असले, तरी त्याचे मुख्य लक्षण हेच की कर्त्याच्या खात्यात त्यामुळे काही जमा होत नाही, फक्त काही वजा व्हायचे टळते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या वर्गीकरणाचा परामर्श घेतला असल्यामुळे मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. या परिभाषेत ग्रीन कार्डाचा अर्ज हे काम्यकर्म ठरते आणि स्टेटस सांभाळणे हे नित्यकर्म.

हे साम्य कितपत टिकते ते पाहण्यासाठी कायद्याची रचना थोडी तपशिलाने पाहायला हवी. विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी दिला जाणारा एच-वन-बी परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि एकूण सहा वर्षांचा असतो. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावरील ग्रीन कार्डांची वार्षिक संख्या साधारण १,४०,००० वर आणली, तिच्यात कामगारांबरोबर त्यांचे पती, पत्नी व मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये अशी मर्यादा आहे. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची संख्या या वाट्याच्या कितीतरी पट असल्याने त्यांची रांग दहा वर्षांहूनही लांब गेली. सहा वर्षांचा परवाना आणि त्याहून लांब रांग यांचा मेळ बसेना, तेव्हा २००० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून, ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेली याचिका मंजूर आहे पण ग्रीन कार्डाचा क्रमांक उपलब्ध नाही अशा कामगाराचा परवाना तीन-तीन वर्षांनी वाढवत नेण्याची सोय केली. ही सोय करताना प्रतीक्षा आटोपती घेण्याऐवजी ती अनिश्चित काळ चालू ठेवता येईल असे यंत्र उभे राहिले, आणि ठरावीक मुदतीचे एक बंधन जवळजवळ यावज्जीव व्रतासारखे झाले.

मीमांसेतील दुसरी एक संकल्पना येथे आश्चर्य वाटावे इतकी चपखल बसते. यज्ञ आज संपतो आणि फळ पुष्कळ काळाने मिळते. मग संपून गेलेली क्रिया दूरच्या फळाला कारण कशी होते, या अडचणीवर मीमांसकांनी अपूर्व नावाची अदृश्य शक्ती मानली, जी क्रियेतून उत्पन्न होते आणि फळ मिळेपर्यंत टिकून राहते. कुमारिल भट्टांच्या मते तिचे स्थान कर्त्याच्या आत्म्यात असते. ग्रीन कार्डाच्या व्यवस्थेत हे काम ‘प्रायॉरिटी डेट’ करते, म्हणजे प्रक्रियेच्या पहिल्या पायरीचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तारीख. परराष्ट्र खाते दर महिन्याला पत्रक काढून कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते जाहीर करते, कधी ती तारीख पुढे सरकते तर कधी मागेही जाते. परंतु याचिका एकदा मंजूर झाली की फसवणूक किंवा मोठी चूक उघड झाल्याशिवाय कामगाराची स्वतःची तारीख नष्ट होत नाही, आणि त्याने नोकरी बदलून नव्या मालकाकडून नवी याचिका केली तरी जुनी तारीख त्याच्याबरोबर जाते. याचिका मालकाने करायची, पहिल्या पायरीचा खर्चही नियमाने त्यानेच उचलायचा, आणि फळ कामगाराला, ही विभागणी ऋत्विज, म्हणजे पुरोहित, कर्म करतात आणि फळ यज्ञ करवणाऱ्या यजमानाला मिळते या मीमांसेच्या सिद्धान्ताशी जुळते. फरक इतकाच की येथे ऋत्विजाने यजमानाला पगारावर ठेवले आहे, आणि तो त्याला केव्हाही काढू शकतो.

साम्य येथपर्यंत नीट चालते, आणि नेमके याच्या पुढे ते मोडते. मीमांसेचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात असा विचार आला आहे की, एखाद्या कर्माची सर्व अंगे, म्हणजे मुख्य क्रियेला पूरक अशा लहानमोठ्या सर्व गोष्टी, जमवणे कर्त्याला शक्य नसेल तर काय करावे. निर्णय असा की काम्यकर्म सर्व अंगांसह करता येत असेल तरच करावे, कारण ते करणे ऐच्छिक आहे आणि अंग सुटले तर फळाचा भरवसा राहत नाही. नित्यकर्म मात्र जितक्या अंगांसह जमेल तितक्या अंगांसह केले तरी पूर्ण मानावे, कारण जे जन्मभर करायचे त्यात आजारपण, दारिद्र्य, प्रवास हे येणारच. हा निर्णय कर्मकांडाच्या एखाद्या कोपऱ्यातला वाटला, तरी त्यामागे कर्तव्याचे एक मोठे तत्त्व आहे: बंधनाचा काळ जितका लांब, तितकी त्यात मानवी असमर्थतेला जागा असली पाहिजे, आणि अंगांचा पूर्ण काटेकोरपणा तिथेच मागावा जिथे कर्म मर्यादित आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेतील माणसाकडून कायदा नित्यकर्माचा काळ आणि काम्यकर्माची अट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागतो. घर बदलले तर दहा दिवसांत कळवावे, कामाची जागा दुसऱ्या शहरी क्षेत्रात गेली तर मालकाने सुधारित याचिका करावी, परवान्याबाहेरचे कोणतेही काम मोबदल्याने करू नये, प्रत्येक मुदतवाढ वेळेत दाखल व्हावी. यांतील एकही अट एकट्याने पाहिली तर अवाजवी नाही, आणि सहा वर्षांच्या आयुष्यात त्या सर्व पाळणे कठीणही नाही. पंधरा वर्षांच्या आयुष्यात, ज्यात मंदी येते, कंपन्या विकल्या जातात, भारतात आईवडील आजारी पडतात, त्या अटींचे स्वरूप बदलते.

नोकरी गेली की हा बदल उघडा पडतो. १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार अशा कामगाराला जास्तीत जास्त साठ दिवसांचा अवधी मिळतो, आणि तेवढ्यात नवा मालक, दुसरा वर्ग किंवा परतीचा मार्ग शोधावा लागतो. येथे दोष ज्या अभावातून येतो तो कामगाराने केलेला अभाव नाही. शंकराचार्यांनी मीमांसकांवर घेतलेला आक्षेप या जागी आठवतो: न करणे हा केवळ अभाव आहे, आणि अभावातून प्रत्यवायासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होऊ शकत नाही. मीमांसकाला त्यावर निदान असे उत्तर देता येत होते की कर्म करण्याची शक्ती असलेल्या माणसालाच प्रत्यवाय लागतो. एच-वन-बी कामगाराचे स्टेटस दुसऱ्याच्या कृतीवर उभे असल्याने कायदा असे उत्तरही देऊ शकत नाही. कायद्याला याची जाणीव मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टेटस न राखणाऱ्यास अपात्र ठरवणारे कलमच स्वतःच्या दोषाविना किंवा तांत्रिक कारणाने झालेल्या चुकीला अपवाद करते, जरी नियमांनी त्या अपवादाचा अर्थ फार अरुंद लावला आहे. आणि नोकरीच्या आधारावरील अर्जदाराला शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचा एकूण १८० दिवसांपर्यंतचा भंग माफ होतो. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताचेच हे रूप आहे. मात्र हे १८० दिवस दोन वर्षे थांबलेल्याला आणि अठरा वर्षे थांबलेल्याला सारखेच मिळतात, म्हणजे बंधनाची लांबी हिशेबात धरलेलीच नाही.

यावरचा सर्वांत सरळ आक्षेप संमतीचा आहे: अटी आधीपासून माहीत होत्या, कोणी बोलावून बांधून ठेवले नाही, मग तक्रार कसली? प्लेटोच्या ‘क्रीटो’ संवादात अथेन्सचे कायदे सॉक्रेटिसापुढे जवळपास हाच युक्तिवाद करतात, आणि डेव्हिड ह्यूमने १७४८ साली त्याला उत्तर दिले ते असे की जो दुसरीकडे जाऊन जगू शकत नाही त्याच्या राहण्याला संमती म्हणता येत नाही. एच-वन-बी कामगाराला ह्यूमचे उत्तर पूर्णपणे लागू पडत नाही हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेला अभियंता परत येऊ शकतो आणि काहीजण येतातही. पण संमती ज्या गोष्टीला दिली ती गोष्ट वाटेत बदलली असेल तर संमतीचे वजन कमी होते, आणि प्रतीक्षेची लांबी ही अशीच, अर्जाच्या दिवशी कोणालाही सांगता न येणारी बाब आहे. राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झरने ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ या १९८३ च्या ग्रंथात पाहुण्या कामगारांविषयी असे मांडले की ज्यांचे श्रम समाज घेतो त्यांना सदस्यत्वाचा मार्ग खुला असला पाहिजे, नाहीतर लोकशाहीत मालक आणि सेवक असे दोन थर पडतात. जोसेफ कॅरन्सने २०१३ मध्ये त्यापुढे जाऊन वास्तव्याचा काळ हाच हक्काचा आधार मानला. माणूस जिथे राहतो तिथे त्याची नाती व मुळे रुजतात, आणि काही वर्षांनंतर ती नाकारणे अन्याय्य ठरते. या दृष्टीने पाहता स्टेटस सांभाळण्याच्या व्यवस्थेतील वैगुण्य ठळक होते: निष्कलंक पाळलेली वर्षे स्वतः काहीही कमावत नाहीत, हक्काला जन्म देतो तो फक्त रांगेचा क्रमांक.

भारतीय समाजात अशा अवस्थेवर सहज सुचवला जाणारा उपाय म्हणजे कर्मफलत्याग, आणि त्याला जोडून येणारी तितिक्षा, म्हणजे प्रतिकार न करता, चिंता व विलाप न करता दुःख सोसणे. वैयक्तिक आधार म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु तितिक्षा ही साधकाने स्वतःहून धारण करण्याची संपत्ती आहे; दुःखाचे कारण दूर करणे ज्याच्या हातात आहे त्याने तिचा उपदेश केला तर तो उपदेश राहत नाही. शिवाय निष्काम वृत्ती फळाची आसक्ती सोडायला सांगते, विधीच्या न्याय्यतेचा विचार सोडायला सांगत नाही.

मीमांसेच्या चष्म्यातून हा प्रश्न पाहताना तिच्या स्वतःच्या डागाकडेही डोळेझाक करता येत नाही. कर्माचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर तिने जन्मावर बेतले आणि शूद्रांना यज्ञाबाहेर ठेवले. महात्मा फुल्यांच्या परंपरेत वाढलेला मराठी वाचक ही गोष्ट विसरणार नाही. अमेरिकी कायद्याचा इतिहास उलट दिशेने जातो असे मानले जाते, कारण १९२४ चा राष्ट्रनिहाय कोटा मोडून काढण्यासाठीच १९६५ साली सर्व देशांना एकसारखी मर्यादा लावण्याची दिशा घेतली गेली. तरीही आज रांग ठरते ती नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थानावरून. मुंबईत जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला माणूस भारताच्याच रांगेत राहतो, फक्त पती किंवा पत्नी दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर त्या देशाची रांग घेता येते. सर्व देशांना समान वागवण्याचा नियम अशा रीतीने माणसांना जन्मावरून असमान वागवतो.

मुलांच्या बाबतीत हे सारे धागे एकत्र येतात. आईवडिलांच्या अर्जावर अवलंबून असलेले अपत्य एकवीस वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने अपत्य राहत नाही. २००२ च्या कायद्याने त्याच्या वयातून याचिका तपासणीत गेलेले दिवस वजा करण्याची मुभा दिली, म्हणजे सरकारी कचेरीने लावलेला वेळ मुलाच्या माथी मारू नये हे तत्त्व मान्य केले. पण क्रमांकाच्या वाट्यासाठी रांगेत गेलेली वर्षे, जी बहुधा कितीतरी अधिक असतात, त्या वजाबाकीत येत नाहीत. वडिलांची प्रायॉरिटी डेट वडिलांपाशी राहते, आणि वयाच्या चौथ्या वर्षी अमेरिकेत नेलेल्या मुलीला, तिने एकही नियम मोडला नसताना, आपले स्वतःचे स्टेटस शोधावे लागते. बहुतेकदा ते विद्यार्थ्याचे असते, आणि येथे संकल्पाचा, म्हणजे कर्मामागील उद्देशाच्या उच्चाराचा प्रश्न उभा राहतो. एच-वन-बी कामगाराने कायम राहण्याची इच्छा बाळगली तरी १९९० च्या कायद्याने ती दोषास्पद मानलेली नाही. विद्यार्थ्याला मात्र शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. ज्या घरात सतरा वर्षे कायम वास्तव्याचा संकल्प पाळला गेला, त्याच घरातल्या मुलीने ज्या देशाची तिला जेमतेम आठवण आहे त्या देशात परतण्याचा संकल्प अर्जात लिहावा, आणि तो तिने प्रामाणिकपणे लिहावा, अशी कायद्याची अपेक्षा असते.