जीव लावण्याची वेळ

जे राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याला जीव लावावा का? प्रश्न पोथीतला वाटतो. आम्हा नवरा-बायकोपुढे तो बेळगावातल्या एका दवाखान्याच्या जिन्यात उभा राहिला. मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यातच जन्मली होती; वजन 1120 ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. पेटीवरच्या चिठ्ठीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, एवढेच. तिसऱ्या दिवशी आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाळा, आत्ताच फार जीव लावू नका. घरी आली की बारसं करू.”

आत्याला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. तिने स्वतःची दोन बाळे पुरली आहेत, आणि पेट्या नव्हत्या तेव्हाचे शहाणपण ती बोलत होती. पण त्याच जुन्या काळाची दुसरीही एक रीत आहे. मुले जगत नसली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू ठेवीत. टाकाऊ वाटावे, दैवाची नजर जाऊ नये, म्हणून. त्या आईबापांनी माया झाकली होती. राखून ठेवली नव्हती. दैवाला फसवले, पोराला नव्हे. आत्या सांगत होती ते राखून ठेवायला, आणि तिथेच माझे मन अडले.

कारण राखून ठेवायला वेळच कुठे होता? बायको दर दोन-तीन तासांनी दूध काढी. मुलीला चोखता येत नव्हते. नळीवाटे एका वेळी दोन मिलिलिटर दूध पोटात जाई. इतक्या लवकर आलेली बाळे मधेच श्वास घ्यायला विसरतात. यंत्र ओरडे, सिस्टर तळपायाला टिचकी मारी, की छाती पुन्हा हले. त्यासाठी औषध म्हणून तिला कॅफीन देत, आपल्या चहा-कॉफीतलेच! सकाळी सिस्टर म्हणायची, “कूसु आराम ऐतिरि.” त्यावर आमचा दिवस निघे. मध्यरात्री उठून वाटीभर नव्हे, चमचाभर दूध काढणाऱ्या बाईला ‘अजून जीव लावू नकोस’ म्हणायचे तरी कसे? पाचव्या रात्री, जिथे सटवाईने लिहायचे ते कपाळ टोपीखाली असताना, तिने पेटीच्या झरोक्यातून हात घालून मुलीला नावाने हाक मारली. बारशाची वाट पाहिली नाही.

वैद्यकशास्त्रही बरीच वर्षे आत्यासारखेच बोलत होते. आधी बाळ स्थिरावू द्या, मग आईच्या छातीशी द्या. कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा 1978 च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली; तरी ती स्थिरावल्यावरच. पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच दवाखान्यांत जन्मल्याबरोबर छातीशी घेऊन पाहिले. आपल्याकडचा दवाखाना दिल्लीचा सफदरजंग. 2021 मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या 28 दिवसांत थांबलेल्या गटातली 15.7 टक्के बाळे गेली, न थांबलेल्यातली 12 टक्के. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला. यात मायेचा चमत्कार शोधू नये. ऊब, आईचे दूध, कमी हातांचा स्पर्श, म्हणून कमी जंतू, अशी साधी कारणे असावीत. मला त्यात दिसते ते इतकेच, की थांबणे सुरक्षित असते हे गृहीतच कच्चे होते.

आमची मुलगी आता शाळेत जाते. तिच्या जगण्याने माझे म्हणणे खरे ठरत नाही. ती गेली असती तर खोटेही ठरले नसते. शेजारच्या पेटीत खानापूरकडचा एक मुलगा होता. त्याचा बाप काचेबाहेर उभा राही, आत येत नसे. त्याची माया कमी होती असे कोण म्हणेल? नवव्या दिवशी तो मुलगा गेला. कपड्यात गुंडाळलेले बाळ हाती देताना सिस्टरने सहीसाठी रजिस्टर पुढे केले. त्यात ‘बेबी ऑफ’च होते. आईने सही केली नाही. म्हणाली, आधी त्याचं नाव लिहा. बापाने तिच्याकडे पाहिले, आणि नाव त्यानेच सांगितले. सिस्टरला नीट ऐकू आले नाही. तिने पुन्हा विचारले. या वेळी तो मोठ्याने बोलला.