प्रदर्शनाची प्रत्यभिज्ञा

ठरावीक काळाने भरणाऱ्या कलाप्रदर्शनात चित्रे बदलतात, चित्रकार बदलतात, परीक्षक बदलतात, पुष्कळदा पाहणारी पिढीही बदललेली असते. आणि तरीही ‘तेच प्रदर्शन पुन्हा भरले’ असे आपण निःशंकपणे म्हणतो, तेव्हा त्या ‘तेच’ला आधार कोणता, हा प्रश्न वरकरणी व्यवस्थापनाचा भासला तरी मुळात दर्शनशास्त्राचा आहे. पूर्वी परगावी पाहिलेला देवदत्त आज समोर आला असता ‘हाच तो’ अशी ओळख कशी पटते, याचा आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ ऊहापोह केला. नैयायिकांच्या मते त्या प्रत्यभिज्ञेत समोरचे प्रत्यक्ष जितके, तितकाच पूर्वानुभवाचा मनावर उरलेला संस्कारही असतो. तो पुसला गेला की देवदत्त समोर उभा असूनही परकाच राहतो.

जर्मनीतील कासेल येथे १९५५ साली आर्नोल्ड बोडे यांनी ‘डॉक्युमेंटा’ हे असेच पुन्हा पुन्हा भरणारे प्रदर्शन सुरू केले. नाझी राजवटीने १९३७ साली ज्या आधुनिक कलेला भ्रष्ट ठरवून तिची जाहीर विटंबना केली होती, तिला सन्मानाने परत आणावे, हा त्यामागील हेतू. परंतु बोडे यांचे प्रमुख सल्लागार वेर्नर हाफ्टमान स्वतःच नाझी पक्षाचे सभासद होते, ही गोष्ट जाहीर चर्चेत येण्यास साठांहून अधिक वर्षे लागली. स्मरणासाठी उभारलेल्या संस्थेच्या पायातच असे एक विस्मरण चिणलेले होते. डॉक्युमेंटाचे स्वतंत्र दफ्तर १९६१ पासून राखले जात आहे. पण स्वतःविषयीचे अप्रिय सत्य वाचण्याचे धैर्य दफ्तराच्या अंगी नसते, ते माणसांनाच आणावे लागते. त्याच नगरात कलावंत योझेफ बॉइस यांनी १९८२ साली सात हजार ओकवृक्षांचे काम आरंभले: प्रदर्शनाच्या वास्तूसमोर बेसॉल्टच्या खांबांची रास रचली, आणि एकेक झाड लागेल तसा एकेक खांब त्याच्या शेजारी रोवला जाऊन ती रास घटत गेली. बॉइस १९८६ साली निवर्तले. शेवटचे झाड पुढील वर्षी त्यांच्या पुत्राने लावले. शंभर दिवसांत आटोपणाऱ्या प्रदर्शनाने नगराच्या रस्त्यांवर ठेवलेला संस्कार तो हा.

असाच एक संस्कार आपल्याकडेही आहे: बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (जन्म १५५१) यांनी पंचीकरणाचा वेदान्तविषय कागदावर न मांडता सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर, जाड सुती वस्त्रावर, आकृत्यांसह लिहिला. असल्या वस्त्रावर शाई सुतात शिरते, अक्षराची कड फुटते, आणि घडी जेथे पडते तेथे वस्त्र आधी विरते, हे त्या थोर पुरुषाला ठाऊक नव्हते असे मानवत नाही. एका दृष्टिक्षेपात न मावणारे, पावलापावलाने सरकत वाचावे लागणारे हे लेखन आपल्या जिल्ह्यातील दृश्यकलेच्या इतिहासात अग्रभागी मांडले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पासोडी जीर्ण झाली. दासोपंतांची ओळख मात्र माघ वद्य षष्ठीच्या पुण्यतिथीने, वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने टिकली. उलट, जमिनीची सनद पेटीत आहे पण नांगर दुसऱ्याचाच चालतो, अशा हक्काची अवस्था काय होते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. छापील सूचीपत्रापुरत्या उरलेल्या प्रदर्शनाची अवस्था याहून निराळी नसते.

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन भरते ते बहुधा मुंबईस, जहांगीर कलादालनासारख्या वास्तूत. त्याच संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बीड जिल्ह्यातील मुलेही बसतात. स्मरणचित्राच्या कागदावर एखादी मुलगी बैलबाजार काढते, जत्रेतला पाळणा काढते, रंग वाळण्याआधी कागद उचलला म्हणून हळहळते. मात्र कसलेल्या चित्रकाराचे मूळ चित्र, त्यावरील रंगाचा थर आणि कुंचल्याचा ओरखडा, तिने डोळ्यांनी पाहिलेला असण्याचा संभव फार थोडा. तिच्यापाशी संस्कारच नाही, मग राज्याचे प्रदर्शन पुन्हा भरले म्हणजे तिच्या लेखी काय भरले? या प्रदर्शनाच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांनी तिच्यापासून आरंभ करावा. मार्गशीर्षात योगेश्वरी देवीच्या उत्सवासाठी अंबाजोगाईत माणूस लोटतो. त्या दिवसांत निवडक मूळ कृती तेथील शाळांतून मांडाव्यात, त्यांतील एक दरवर्षी जिल्ह्यातच ठेवून घ्यावी, आणि त्या कृतीच्या देखरेखीचा खर्च संचालनालयाने आपल्या अंदाजपत्रकात धरावा.