थट्टा आणि दुर्भाषण

मराठी बायबलात ‘दुर्भाषण’ असा एक शब्द पुनःपुन्हा येतो. देवाविषयी अनादराने बोलणे, त्याच्या पावित्र्यास वाणीने बाधा आणणे, असा त्याचा अर्थ. ख्रिस्ती घराबाहेरील मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द सहसा नसतो, आणि त्यास कारणही आहे. देवाशी भांडावे, त्यास टाकून बोलावे, प्रसंगी त्याची टर उडवावी, ही आमच्या भाषेची जुनी सवय आहे. ह्या सवयीत वाढलेल्या माणसाने ख्रिस्ताचा स्वीकार केला, तर त्याच्या हसण्याचे काय होते? कोठपर्यंत हसावे आणि कोठे जीभ आवरावी, हे त्यास कोण सांगतो?

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाटा हे ठिकाण आमच्या ह्या विचारास फार सोयीचे आहे. ज्या परभणी जिल्ह्यात हा फाटा आहे, त्याच जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईचे गाव. तिने विठोबास एकेरीत हाका मारल्या, त्यास शिव्याशापही दिले. आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, तिच्या भक्तीविषयी वारकऱ्यांस कधी शंका आली नाही. ह्याच फाट्यावरून जाणारा रस्ता मंठ्यावरून जालन्यास पोहोचतो. तेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. त्यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या स्कॉटिश मिशनच्या छायेत ते वाढले, त्या मिशनच्या धर्मसंस्कारात देवाविषयीची थट्टा हे पाप होते. एका रस्त्यावर जनाबाई आणि दुसऱ्या टोकास बेथेल, अशी मराठी ख्रिस्ती माणसाची वाटणी झालेली आहे. त्याच्या मातृभाषेने त्यास जे स्वातंत्र्य दिले, ते त्याच्या धर्मगुरूंनी युरोपातून आणलेल्या नियमांत बसत नव्हते.

त्या नियमांचे उग्र रूप आमच्या किनाऱ्याने पाहिलेले आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशन चालले. दमण येथे राहणारा देलाँ नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य १६७३ साली त्याच्या तावडीत सापडला. जन्माने तो कॅथॉलिकच होता. बोलण्यात मात्र सैल होता. त्याच्यावरील आरोपांत एक आरोप असा होता, की हस्तिदंती क्रुसास त्याने हस्तिदंताचा तुकडा म्हटले. जानेवारी १६७६ मध्ये गोव्यात जाहीर शिक्षा सुनावून त्यास पाच वर्षांच्या सक्तमजुरीवर पाठविण्यात आले. पुढे सुटून त्याने आपली हकीकत लिहिली, ती १६८७ मध्ये छापली गेली आणि युरोपभर वाचली गेली. क्रूस हस्तिदंताचा होता, हे न्यायाधीशांसही नाकारता आले नसते. सत्य बोलणे हाच येथे गुन्हा ठरला, कारण ते चुकीच्या सुरात बोलले गेले होते.

सूर हाच निकष धरला, की काय होते ते इंग्लंडात पुढे स्पष्ट झाले. १८८३ च्या खटल्यात न्यायमूर्ती कोलरिज यांनी असे ठरविले, की वादाची सभ्यता पाळली तर धर्माच्या मूलतत्त्वांवर हल्ला करण्यासही हरकत नाही. म्हणजे विद्वानाने प्रौढ भाषेत ख्रिस्ताचे देवत्व नाकारावे. बाजारातल्या माणसाने त्यावर विनोद केला, तर त्याने तुरुंगात जावे! जॉन विल्यम गॉट नावाच्या माणसास १९२१ साली नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली ती अशाच विनोदासाठी. येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची गोष्ट सांगताना मत्तयाने गाढवी आणि तिचे शिंगरू अशी दोन जनावरे सांगितली आहेत. तेव्हा दोन गाढवांवर बसून येणारा हा सर्कशीतला विदूषकच म्हणावयाचा, असे गॉटने छापले. ह्या कारणासाठी इंग्लंडात तुरुंगात गेलेला तो शेवटचा माणूस. तो कायदा मात्र २००८ पर्यंत पुस्तकात राहिला.

गॉटचा हा विनोद आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो, तो त्यातील कोटीसाठी नव्हे. आपल्याकडे माणसास गाढवावर बसवितात ते त्याची धिंड काढण्यासाठी. वसईच्या किंवा अहमदनगरच्या ख्रिस्ती माणसास हे ठाऊक असूनही तो दर वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात झावळी घेऊन त्याच मिरवणुकीचे स्मरण करतो. घोड्यावरून येणाऱ्या राजांच्या जगात हा राजा गाढवावरून आला, यात हसण्यासारखे काही आहे हे त्यास कळते. ते हसे ख्रिस्ताने स्वतः पत्करले, हेच तर त्याच्या श्रद्धेचे मर्म आहे. गॉटने नवे काहीच शोधून काढले नाही. जे ख्रिस्ती माणूस हसत आणि गहिवरत पाहतो, ते त्याने हिणवून पाहिले, एवढेच. गाढव तेच, मिरवणूक तीच. त्यास तुरुंगात टाकणाऱ्यांनी मात्र ख्रिस्ताने उघड पत्करलेली अप्रतिष्ठा पोलिसांकरवी पुसून काढण्याचा खटाटोप केला.

बायबल हा ग्रंथ हास्यास पारखा आहे, अशी समजूत आमच्याकडे पुष्कळ आहे. ती वाचनाच्या अभावाने झालेली असावी. बआलाचे पुजारी दिवसभर आरोळ्या मारीत असता एलीया त्यांस म्हणतो, की आणखी मोठ्याने ओरडा, तुमचा देव झोपला असेल किंवा प्रवासास गेला असेल. योना हा तर देवाचा संदेष्टा. परंतु ज्या नगराचा नाश होणार असे त्याने सांगितले, त्यास देवाने क्षमा केली म्हणून तो रुसून बसतो, आणि डोक्यावरची वेल वाळली म्हणून मरण मागतो. स्वतः येशू दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ शोधणाऱ्याच्या डोळ्यात मुसळ पाहतो. मात्र एलीयाचे हसणे आणि योनाच्या गोष्टीतले हसणे ही एक जातीची नाहीत. पहिले दुसऱ्याच्या देवास हसते, दुसरे आपल्याच माणसास.

एलीयाच्या हसण्याचा वारसा महाराष्ट्रात मिशनऱ्यांनी सढळ हाताने चालविला. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला. पुढील वर्षी विल्सन यांनी हिंदू धर्माचे खंडन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुराणांतील देवांच्या गोष्टी चारचौघांत वाचून दाखवून त्यांची टर उडविणे हे त्या काळी धर्मप्रसाराचे एक नित्याचे साधन होते, आणि विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी पुढे समुद्रकिनारी त्यांस तसेच खणखणीत उत्तर दिले. ह्या इतिहासाचा उल्लेख आम्ही जुन्या जखमा उकरण्यासाठी करीत नाही. पण दुसऱ्याच्या देवाविषयी केलेली थट्टा म्हणजे चिकित्सा आणि आपल्या देवाविषयी केलेली थट्टा म्हणजे दुर्भाषण, अशी दोन मापे वापरली गेली, हे ज्यास दुर्भाषणाची सीमा आखावयाची आहे त्याने विसरून चालणार नाही.

आता दुसऱ्या जातीचे हसणे. त्याचा मराठीतील थोर नमुना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागशः निघालेल्या ह्या पुस्तकात सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांवर लक्ष्मीबाई हसल्या आहेत. वाचक हसता हसता थबकतो, कारण लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने घेरले, हेही त्याच बाई सांगत असतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पाच वर्षे लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. नवऱ्याच्या धर्माशेजारी आपले सोवळे सांभाळताना त्यांनी केलेल्या कसरती त्या असल्या रंगवून सांगतात, की त्यांच्याइतके त्यांस दुसरे कोणी हसले नसेल. जातिभेद हा माणसाने केला, देवाने नव्हे, असे एका क्षणी मनास पटले आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. पण धर्म बदलल्याने हसणे थांबले नाही. टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा संताप, हातचे देऊन टाकण्याची त्यांची हौस, मिशनच्या चाकोरीशी त्यांचे न जुळणे, सगळ्यास हसू मिळाले. आणि हीच बाई टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करावयास बसली.

‘स्मृतिचित्रे’ वाचून कोणाही ख्रिस्ती वाचकास आपला देव दुखावला असे वाटले नाही. हिंदू वाचकांनी तर ते पुस्तक घरचे मानले. आमच्या मते ह्याचे कारण लक्ष्मीबाईंच्या सौम्यपणात नाही. त्या सौम्य नाहीतच. ज्यांना त्या हसतात त्यांच्या पंक्तीस त्या स्वतः बसल्या आहेत, हे कारण आहे. बोट दाखविताना स्वतःस वगळले, की तेच वाक्य हिणवणे झाले असते. ख्रिस्ती मनास थट्टेची जी हद्द जाणवते, ती आम्हांस येथे दिसते. देव, क्रूस, पाद्री, प्रार्थना यांपैकी कोणता विषय हसण्यास काढला, यावर ती ठरत नाही. हसणारा स्वतः त्या देवासमोर उभा आहे की त्याच्या वर चढून बसला आहे, यावर ती ठरते.

यावर रास्त आक्षेप असा येईल, की मग ख्रिस्तेतरांनी ख्रिस्ती गोष्टींविषयी हसूच नये काय? त्यांस त्या पंक्तीत बसण्याचा अधिकार कोठून आणावा? येथे चित्रपटांची उदाहरणे घेऊ. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील अँथनी आपल्या चोरट्या दारूच्या कमाईत देवाचा वाटा राखून ठेवतो आणि त्या भागीदारीच्या भाषेत देवाशी बोलतो. ऐकावयास हे भलतेच धीट आहे; पण ते जनाबाईच्या घरातले आहे, आणि हसे होते ते अँथनीचे. उलट २०१२ साली ‘कमाल धमाल मालामाल’ नावाच्या हिंदी चित्रपटात लॉटरीच्या तिकिटांची माळ घातलेला पाद्री नाचताना दाखविला गेला. मुंबईच्या कॅथॉलिक संघटनांनी आक्षेप घेतला, आणि निर्मात्यांनी आक्षेपार्ह दृश्ये कापली. ते दृश्य आम्हांस दुर्भाषण वाटत नाही. त्यात देवाचा संबंधच नव्हता. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणूस म्हणजे दारू पिणारा, मोडके हिंदी बोलणारा आणि गळ्यात क्रूस अडकविलेला, असा जो ठसा वर्षानुवर्षे मारला, त्याच ठशातून हा पाद्रीही निघाला. हा दोष अज्ञानाचा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभरांत एक माणूसही ख्रिस्ती नव्हता. त्याची ओळख ज्यांना केवळ पडद्यावरून होते, अशांच्या शेजारात त्यास राहावे लागते. त्याची चीड आम्ही समजू शकतो. तिला देवाच्या अपमानाचे नाव देणे मात्र आम्हांस पटत नाही.

हे नाव देण्याचा मोह आमच्या कायद्याने वाढविला आहे. भारतीय कायद्यात ईशनिंदा असा गुन्हा नाही. ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर १९२७ साली दंडसंहितेत २९५-अ हे कलम घातले गेले. भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकाने १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याची भाषा नागरिकांच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने दुखावण्याची आहे. देवाच्या मानाशी त्यास कर्तव्य नाही. तरी फिर्याद करणारा मनात देवाचीच फिर्याद घेऊन जातो. मुंबईच्या इर्ला भागातील वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रुसाच्या पायांतून २०१२ साली पाणी झिरपू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडमरुकू यांनी पाहणी करून सांगितले, की तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढत आहे. त्यांच्याविरुद्ध ह्याच कलमाखाली तक्रारी झाल्या, आणि ते फिनलंडला निघून गेले. दमणच्या वैद्याने हस्तिदंतास हस्तिदंत म्हटले होते. ह्यांनी गटाराच्या पाण्यास गटाराचे पाणी म्हटले. त्यांच्या बोलण्यात पाद्र्यांविषयी जी बोच होती ती कॅथॉलिकांस लागली, हे खरे. पण पाण्याविषयी ते जे बोलले, त्याचा प्रतिवाद नळ तपासून करावयाचा होता.

ख्रिस्ती माणसाने ह्या बाबतीत पोलिस ठाण्याची पायरी चढावी की नाही, ह्या प्रश्नास त्याच्याच ग्रंथात एक अडचण आहे. दुर्भाषणाच्या आरोपाखाली दोषी ठरविला गेलेला जगातील सर्वांत प्रसिद्ध आरोपी खुद्द येशू आहे. प्रमुख याजकाने आपली वस्त्रे फाडली आणि आता साक्षीदारांची गरज उरली नाही असे सांगितले. त्यानंतर शिपायांनी येशूस राजाचा झगा चढविला, काट्यांचा मुगूट घातला, हातात वेत दिला आणि गुडघे टेकून मुजरे केले. ही थट्टा होती, आणि क्रूर थट्टा होती. ती करणाऱ्यांविरुद्ध येशूने काही मागितले नाही. दुखावलेल्या धर्मनिष्ठाने वस्त्रे फाडून न्याय मागावा, ही जागा त्या कथेत आधीच प्रमुख याजकाने घेतलेली आहे.

गोव्याच्या तिआत्रात हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला असे. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या ह्या कोंकणी नाट्यप्रकाराने पुढारी, जमीनदार आणि प्रसंगी पाद्री यांचीही रेवडी उडविली. पाहणारे बहुतेक कॅथॉलिक असत. ज्या पाद्र्याच्या नकलेवर शनिवारी टाळ्या पडत, त्याच्याच हातून ते रविवारी प्रसाद घेत. नकलाकार आणि प्रेक्षक एकाच प्रार्थनामंदिराचे, म्हणून हास्यास कुंपण घालावे लागत नसे. आता त्या नकलेचा दीड मिनिटांचा तुकडा मोबाइलवरून देवगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचतो. तेथे तो पाहणाऱ्यास तो पाद्री कोण, त्याने कोणाच्या आजारपणात रात्री जागविल्या, यांतले काही ठाऊक नसते. त्यास केवळ झगा घातलेला एक हास्यास्पद मनुष्य दिसतो.