वर्ष कुणाचं?

पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून माणूस वर्षभर फिरतो, परत येतो आणि वेगळाच व्यवसाय धरतो. ते वर्ष योग्य होतं की नव्हतं, हे कशावरून ठरवायचं? काय मिळालं यावरून, निघताना मनात काय होतं यावरून, की त्या वर्षाचा भार कुणी उचलला यावरून? माझ्यापुरता हा प्रश्न सुटला आहे असं मी धरून चाललो होतो. पाडव्याच्या आधी गडहिंग्लजला घरी गेलो तेव्हा थोरल्या बहिणीनं तो पुन्हा उघडला. आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्षाची चटणी डंकावर न्यायची होती, म्हणून आम्ही दोघं माडीवर वाळलेल्या संकेश्वरी मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. झालेलं बोलणं इथं मांडतो आहे, कारण तिचे आक्षेप मला अजून पुरते परतवता आलेले नाहीत.

मी : जे ठरवून निघालो, ते बहुतेक झालं. कन्नड वाचता-लिहिता यायला हवं होतं, आलं. मराठी दक्षिणेत कुठवर पोचली ते डोळ्यांनी पाहायचं होतं, तेही झालं. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी पाहिली. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसल्यांचा इतिहास पाहिला. केवढी ती लांबी! एका राजघराण्यानं आपली सगळी कथा दगडावर मराठीत लिहून ठेवली, तीही तमिळ मुलखात. आणि धारवाडात राहताना पक्कं झालं, की यापुढं कन्नडमधून मराठीत अनुवाद करायचा. उमा कुलकर्णींनी कारंत, भैरप्पा मराठीत आणले नसते तर आपण केवढ्याला मुकलो असतो!

आक्का : कन्नड मलाही येतं.

मी : बोलता येतं.

आक्का : व्हय, बोलताच येतं. पण माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी पोरं असतात. पहिलीतल्या पोराला मराठी शिकवायची तर आधी त्याची भाषा आपल्याला यायला लागते. मी ती त्या पोरांकडनं आणि त्यांच्या आयांकडनं शिकले. त्यासाठी मला धारवाडला जावं लागलं नाही. तू जायला नको होतंस असं मी म्हणत नाही. जाऊन जे मिळतं ते तू वर्षाच्या जमेला धरतोस. राहून जे मिळतं त्याला तुझ्या वहीत रकानाच नाही, एवढंच म्हणते.

मी : मान्य. पण काही गोष्टी राहून होतच नाहीत. धर्मानंद कोसंबींचं बघ. गोव्यातल्या साखवाळचा माणूस. 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धाबद्दल वाचतो आणि ते त्याला इतकं लागतं, की १८९९ साली घर सोडतो. पुण्यात भांडारकरांना गाठतो, मग ग्वाल्हेर, मग काशी. तिथं अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो. पुढं नेपाळ, बुद्धगया, सिलोन, ब्रह्मदेश. पाली शिकतो, भिक्षू होतो. साखवाळलाच राहिला असता तर नारळाच्या बागा सांभाळत आयुष्य गेलं असतं, आणि महाराष्ट्रात पालीचा अभ्यास कधी रुजला असता कोण जाणे.

आक्का : घरी कोण होतं?

मी : बायको, बाळाबाई. आणि तान्ही मुलगी, माणिक.

आक्का : किती वर्षं?

मी : जवळजवळ सात. १९०६ मध्ये ते परत आले. नंतर बाळाबाई त्यांच्याबरोबर राहिल्या. मुलगा झाला, तो दामोदर कोसंबी, गणितज्ञ आणि इतिहासकार. धर्मानंद हार्वर्डला गेले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. म्हणजे घर तुटलं नाही.

आक्का : आता मला एक सांग. नेपाळच्या वाटेवर ते तापानं गेले असते तर?

मी : तर काय?

आक्का : तर बायको-पोर टाकून गेलेला माणूस, एवढंच राहिलं असतं. निघताना तेच मन, तीच तळमळ, बाळाबाईंवर तोच भार. फरक एवढाच, की एकात ताप आला आणि एकात आला नाही. मग चांगलं-वाईट तापानं ठरवलं म्हणायचं?

इथं आमचं बोलणं अडलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. आक्कानं माडीवर बसून विचारलेला प्रश्न बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७६ साली चित्रकार गोगँचं उदाहरण घेऊन विचारला होता. गोगँ शेअर दलाली सोडून चित्रकार झाला, बायको-मुलांपासून दूर राहिला आणि १८९१ मध्ये ताहितीला गेला. विल्यम्सचं म्हणणं असं, की अशा माणसाच्या निर्णयाचं समर्थन झालंच तर त्याच्या यशातूनच होऊ शकतं, आणि ते यश निघताना कुणाच्याच हातात नसतं. नीतीतही नशिबाचा वाटा असतो, हे ऐकायला कडू आहे. मी आक्काला विल्यम्सबद्दल सांगितलं.

आक्का : त्याला काय वाटलं ते असू दे. तुला काय वाटतं?

मी : मला वाटतं, फळावर निकाल लावणं चूक आहे. वरसईचे गोडसे भटजी घे. घरावर कर्ज होतं, ते फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून चुलत्यांबरोबर १८५७ साली उत्तरेला निघाले. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ होता. पोचेपर्यंत बंड पेटलं. झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळवलेलं लुटलं गेलं, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले. ठरवलेल्या उद्दिष्टानं मोजलं तर सगळा प्रवास फुकट. पण चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी तो लिहून काढला, १९०७ साली 'माझा प्रवास' छापला गेला, आणि आज त्या वर्षांचं तसं मराठी चित्र दुसरीकडे मिळत नाही. निघताना पुस्तकाचं त्यांच्या मनातही नव्हतं.

आक्का : म्हणजे तू फळावरच आलास की! फक्त फळ बदललं. पैशाच्या जागी पुस्तक. पुस्तकही झालं नसतं तर?

मी : तर हेतू. कर्ज फेडायला निघाले होते, घरासाठी निघाले होते.

आक्का : ते घरासाठी. आणि तू?

मी : सगळं घरासाठीच असावं लागतं का? आपल्या नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा जणांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर गेले. सातही पडले. हाती काही लागलं नाही. तरी साडेतीनशे वर्षं आपण त्यांच्यापुढं मान लववतो. म्हणजे फळाशिवायही एखादं जाणं मोठं ठरतंच ना?

आक्का : मान मीही लववते. दरवर्षी पोरांना घेऊन जाते तिथं. पण पोरांना मी पुढचंही सांगते. सेनापती पडल्यावर फौज उधळली नाही, कारण आनंदरावांनी ती सावरली आणि त्यांनीच पुढं संपगाववर धाड घातली. सात जण कोण म्हटलं की वर्गात हात वर होतात. फौज कुणी सांभाळली विचारलं की एकही होत नाही. चूक पोरांची नाही. आपण गोष्टच तशी सांगत आलोय. जो जातो त्याची गोष्ट होते. जो राहतो तो गोष्टीतला पडदा होतो. बाळाबाईंचंही तेच. कोसंबींनी 'निवेदन' लिहिलं. बाळाबाईंनी त्या सात वर्षांबद्दल काय लिहिलं?

मी : पण त्यांना राहावंच लागलं. त्यांनी निवडलं नव्हतं. हे वेगळं नाही का?

मिरच्यांत हात घालून बसलं की थोड्या वेळानं बोटांच्या पेरांना आग सुटते. आक्का मधूनच खोबरेल चोळायची आणि पुन्हा देठाला हात घालायची. या प्रश्नावर ती थांबली. मग जे बोलली ते मला नवं होतं.

आक्का : तू गेलास त्या पावसाळ्यात माझी केंद्रप्रमुखाची बढती आली होती. चंदगडच्या बाजूला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी लिहून नकार दिला.

मी : सांगितलं का नाहीस? मी परत आलो असतो.

आक्का : म्हणूनच नाही सांगितलं. आणि हे ऐकून चेहरा पाडू नकोस, मी तुझ्यावर उपकार केले नाहीत. मला राहायचं होतं. आईला पुन्हा चालायला लागलेली मला बघायचं होतं. राहणंही मीच निवडलं. तू म्हणतोस बाळाबाईंना राहावंच लागलं. अरे, त्या काळात हातात काहीच नसताना पोर वाढवायचं, खचायचं नाही, परत आलेल्या माणसाबरोबर पुन्हा संसार मांडायचा, यात त्यांनी काहीच निवडलं नसेल? तू निवड फक्त गाडीत बसणाऱ्याकडं ठेवतोस. माझं भांडण तिथं आहे.

मी : मग यंदा तू जा. वर्षभर रजा काढ, हवं तिथं फीर. आईचं मी बघतो.

आक्का : हे परवानगी दिल्यासारखं झालं. आणि माझं वर्ष म्हणजे फिरणंच, हे कुणी ठरवलं?

या उत्तरानं माझी एक समजूत हलली. आपण जगण्यात बदल करतो तेव्हा निर्णय आपला, आणि बाकीच्यांची फक्त परिस्थिती, असं गृहीत धरतो. पण नोकरी सोडण्याचा माझा निर्णय घरातल्या दुसऱ्या निर्णयावर उभा होता. तो दुसरा निर्णय मला दिसला नाही, तरी होताच. तरीही मी जायला नको होतं, असं मला आजही वाटत नाही. ज्याला आतून ओढ आहे त्यानं ती मारून राहावं आणि मग आयुष्यभर घरावर राग धरावा, यात घराचंही भलं नाही. तिलाही मी हेच सांगितलं.

आक्का : ते खरंच आहे. रागावलेला माणूस घरात असण्यापेक्षा नसलेला बरा.

मी : मग पुढच्या वेळी असं करू. निघण्याआधी तुला विचारीन. तू हो म्हटलीस तरच जाईन.

आक्का : मी नको म्हणणार नाही, हे तुला ठाऊक आहे. जो नाही म्हणूच शकत नाही त्याला विचारणं सोपं असतं. त्यानं तुझं मन हलकं होतं, माझ्या हातात काही येत नाही.

हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. प्रेमाच्या माणसाची संमती ही खरी संमती की सवय, हे बाहेरून कळत नाही आणि आतूनही नीट कळत नाही. निघणारे बहुतेक जण त्या संमतीवर सही घेऊन मोकळे होतात. मला एकच वाट दिसते : आपला बेत पुढं ठेवून होकार मागायचा नाही. आधी समोरच्याचा बेत विचारायचा, आणि तो पुरता ऐकेपर्यंत आपला बाजूला ठेवायचा.

मी : मग तूच सांग. तुला काय करायचंय?

आक्का : केंद्रप्रमुखांची यादी पुन्हा निघेल. नाव आलं तर यंदा मी जाणार. चंदगडला खोली घेणार, शनिवार-रविवारी येणार. कन्नड घरातल्या पोरांना मराठी कशी शिकवायची, हे एका शाळेपुरतं मला जमलंय. ते सगळ्या केंद्रात करून बघायचंय. आईजवळ आठवडाभर तू. अनुवाद इथं बसून होईल. धारवाडच्या खेपा मात्र होणार नाहीत.

धारवाडच्या खेपांवर माझं निम्मं काम अवलंबून आहे. तिथली माणसं, तिथली ग्रंथालयं, शब्द अडला की ज्यांच्या दारात जाऊन बसता येतं ती घरं. मी मनात हिशेब करू लागलो. काय पुढं ढकलता येईल, काय फोनवर होईल, काय होणारच नाही. आक्का उत्तराची वाट बघत होती आणि या खेपेला मदतीला येणारं एकही वाक्य ती बोलली नाही. शेवटी मी हो म्हणालो.

तो होकार मनापासूनचा होता की तोही नाही न म्हणता येणाऱ्याचा होता, हे आता तिनं मला विचारायला हवं. अजून तरी तिनं विचारलेलं नाही.