पाण्यावरचे सार्वभौमत्व

पनामा कालवा कोणाचा, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे तह आणि झेंडे यांच्या भाषेत विचारला गेला आहे, आणि त्यामुळे तो कालवा ज्या पाण्यावर चालतो त्या पाण्याचा धनी कोण, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला. पहिल्या प्रश्नाचा इतिहास मात्र मुळीच क्षुल्लक नाही. 1903 च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पाठबळाने पनामा कोलंबियापासून वेगळा झाला आणि त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत जो करार झाला, त्यावर पनामाच्या वतीने सही केली ती फिलिप ब्यूनो-वारिया या फ्रेंच गृहस्थाने. या करारान्वये सुमारे 16 किलोमीटर रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा मिळाला आणि तेथे तिने ‘जणू सार्वभौम’ असल्याप्रमाणे वागावे अशी मुभा देण्यात आली. त्या ‘जणू’ने पुढच्या पिढ्यांना किती छळले, हे 9 जानेवारी 1964 रोजी दिसले, त्या पट्ट्यात पनामाचा झेंडा फडकवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे पेटलेल्या दंगलीत वीसहून अधिक पनामावासी मारले गेले. 1977 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर आणि पनामाचे नेते ओमार तोरिहोस यांनी केलेल्या तहांनुसार 31 डिसेंबर 1999 रोजी कालवा पनामाच्या हाती आला, तरी त्याच्या तटस्थतेचे रक्षण करण्याचा अधिकार अमेरिकेने स्वतःकडे राखलाच.

जानेवारी 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात कालवा चीन चालवत असल्याचे सांगून तो परत घेण्याची घोषणा केली, तेव्हा वाद पुन्हा याच जुन्या भाषेत रंगला. आरोपात तथ्य होते ते इतकेच, की कालव्याच्या दोन्ही तोंडांवरील बाल्बोआ आणि क्रिस्तोबाल ही बंदरे 1997 पासून हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाकडे होती. परंतु बंदर म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची जागा, आणि जहाजे कोणत्या क्रमाने व किती शुल्क भरून जातील हे ठरवते ते पनामा कालवा प्राधिकरण, जी पनामाची स्वायत्त सरकारी संस्था आहे. राजकारण्यांना हा फरक ठाऊक नसतो असे नाही. सभेत तो सांगणे सोयीचे नसते.

या साऱ्या वादात पाण्याचा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. सुएझ कालवा समुद्राच्या पातळीवर आहे आणि त्यात खारे पाणी वाहते. पनामाचे तसे नाही. येथे जहाज लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना अवजड दरवाजे असलेल्या हौदांमधून, टप्प्याटप्प्याने सुमारे 26 मीटर उंच उचलले जाते, चाग्रेस नदी अडवून केलेल्या गातून तलावातून पलीकडे नेले जाते आणि पुन्हा तसेच खाली उतरवले जाते. या चढउतारात प्रत्येक जहाजामागे अंदाजे 20 कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. 2016 साली खुल्या झालेल्या मोठ्या लॉकमध्ये शेजारच्या टाक्यांमुळे निम्म्याहून अधिक पाणी पुन्हा वापरता येते, तरी पाऊस नसेल तर तीही युक्ती अपुरी पडते. आणि याच गोड्या पाण्यावर देशातील निम्म्याहून अधिक लोकसंख्येची तहान भागते.

2023 च्या अवर्षणात, एल निन्योच्या वर्षी, हे सारे एकदम उघडे पडले. रोज साधारण 36 जहाजे जात असत. डिसेंबरपर्यंत ही संख्या 22 वर आणावी लागली. आरक्षण न मिळालेल्या जहाजांसाठी क्रमांकांचा लिलाव होत असे, आणि त्या नोव्हेंबरात एका जपानी ऊर्जा कंपनीने नेहमीच्या शुल्काखेरीज सुमारे 40 लाख डॉलर मोजून आपल्या जहाजासाठी जागा मिळवली. 2024 च्या आर्थिक वर्षात फेऱ्या पाचव्या हिश्श्याहून अधिक घटल्या, तरी प्राधिकरणाचा नफा वाढला. टंचाईची किंमत जहाज कंपन्यांनी आणि शेवटी मालाच्या ग्राहकांनी भरली, कालव्याने नाही.

तरीही पाणी हवेच, म्हणून प्राधिकरणाने रिओ इंदिओ नदीवर नवे धरण बांधण्याचे ठरवले आहे. त्या नदीचे खोरे कालव्याच्या पाणलोट क्षेत्रात धरायचे की नाही, हा वाद आधीच कायद्यात गुंतला होता. 2006 च्या कायद्याने ते वगळले होते आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केल्याने धरणाचा मार्ग मोकळा झाला. दोन हजारांहून अधिक लोक त्यात विस्थापित होतील, आणि त्यांचा विरोध तीव्र आहे. 1912 मध्ये कालव्याच्या पट्ट्यातील वस्त्या उठवण्याचा हुकूम अमेरिकी अध्यक्ष टॅफ्ट यांनी काढला होता; तेव्हाचे विस्थापित निदान परक्या सत्तेला दोष देऊ शकत होते. रिओ इंदिओचे धरणग्रस्त दाद मागत आहेत ती आपल्याच सरकारकडे, आणि त्यांना मिळणारे उत्तर राष्ट्रहिताच्या नावाने दिले जात आहे. शुल्कातून येणारी रक्कम राजधानीच्या खजिन्यात जमा होते आणि बुडणारी शेते खोऱ्यातली असतात. तेव्हा परक्यांकडून मिळवलेल्या हक्काचा वाटा देशात कोणाला किती, हे कार्टर-तोरिहोस तहांत कोठेही लिहिलेले नाही.