मासा नॉर्वेचा, हात वाकासाचे

क्योटोला समुद्र नाही. शतकानुशतकं राजधानी असलेलं हे शहर माशांसाठी उत्तरेकडच्या वाकासा उपसागराकडे डोळे लावून बसायचं. आजच्या फुकुई प्रांतातल्या ओबामा या बंदरात साबा उतरला की तो साफ करून त्याला मीठ लावायचं, ओझं पाठीवर घ्यायचं आणि डोंगर ओलांडत सुमारे 72 किलोमीटर चालत राहायचं. साबा हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद. क्योटो येईपर्यंत मीठ त्याच्यात बेतानं मुरलेलं असे. सणावाराला क्योटोच्या घरांत होणारी साबाझुशी, म्हणजे साबाची सुशी, याच पायपिटीतून आली. त्या वाटेचं नावच पडलं साबा काइदो, साबाचा रस्ता. जपान सरकारनं 2015 साली 'जपान वारसा' यादी सुरू केली, तेव्हा पहिल्याच वर्षी ही वाट तिच्यात आली.

आज ओबामाला जाणाऱ्या प्रवाशाला काडीला टोचून अख्खा भाजलेला साबा खायचा असतो. तो मिळतोही, खमंग आणि तेलानं ओथंबलेला. मात्र तो मासा बहुतेक वेळा नॉर्वेहून बर्फात गोठून आलेला असतो. वाकासाच्या समुद्रात साबा जेमतेम उरला आहे.

हे कळल्यावर प्रवाशाचा हिरमोड होतो. एवढ्या लांब आलो, ते नॉर्वेचा मासा खायला? मला हा हिरमोड तपासून पाहावासा वाटतो. समुद्र एका दिवसात रिता होत नाही. मोठ्या जाळ्यांनी बेसुमार मासा उपसला गेला, आणि तो कुणाच्या तरी ताटात गेला. 'अस्सल तिथलंच हवं' ही मागणीही निष्पाप नसते. जे संपत आलंय तेच हवं म्हणणारा, उरलेलं संपवायलाच हातभार लावतो.

त्याहून नाजूक प्रश्न विक्रेत्याचा आहे. 'हा मासा नॉर्वेचा' असं तो सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक गमावण्याची जोखीम घेऊन खरं बोलत असतो. ते ऐकून आपण पाठ फिरवली, तर पुढच्या वेळी गप्प राहायचं हे आपणच त्याला शिकवतो. पर्यटनाच्या गावांत खोटेपणा फक्त दुकानदाराच्या लोभातून येत नाही. पाहुण्याच्या हट्टातूनही येतो.

आणि वाकासाचं म्हणून जे आहे, ते फक्त माशात होतं का? तिथला हेशिको घ्या. साबा आधी खारवायचा, मग लाकडी पिंपात तांदळाच्या कोंड्याचे थर देत रचायचा, वर दगडांचं वजन ठेवायचं आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबायचं. बर्फाळ हिवाळ्यात घरात पोटाला काही असावं म्हणून लोकांनी हे साधलं. मासा परका असला तरी मिठाचा अंदाज, कोंडा आणि पिंप उन्हाळ्यातून नीट पार पाडण्याचं कसब तिथल्याच हातांचं आहे. ते हात टिकले तर पुढेमागे समुद्र सावरल्यावर त्याच्या माशाचं काय करायचं हे कुणाला तरी ठाऊक असेल.

गावालाही हे उमगलेलं दिसतं. ओबामानं 2001 साली अन्नाला केंद्रस्थानी ठेवून गाव घडवण्याचा स्थानिक कायदाच केला. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं तिथे खऱ्या सुरीनं भाज्या चिरतात, मासा हाताळतात, आणि आईवडिलांनी मधे पडायचं नाही असा दंडक आहे. पाहुण्यांना खूश करण्याआधी स्वतःच्या लेकरांना स्वयंपाक शिकवणारं गाव मला फार मोठं वाटतं. 2016 साली तिथे साबाची शेतीही सुरू झाली. साके ही तांदळाची दारू गाळून उरलेला चोथा त्या माशांच्या खाद्यात मिसळतात. मूळ समुद्री साबाची बरोबरी तो करतो का, हा वाद खुशाल चालू दे. मला त्या खटपटीचं मोल जास्त वाटतं.

तेव्हा तिथे गेलात तर मासा कुठला आहे हे जरूर विचारा, आणि उत्तर ऐकून झाल्यावर जेवायला बसा. साबाचाच आग्रह नको. वाकासा उपसागरातला गुजी मासा खवल्यांसकट भाजलेला खा, वाळवलेला कारेई हा चपटा मासा खा. त्या दिवशी बंदरात काय उतरलं ते विचारून तेच मागवा. हेशिको भलताच खारट असतो. त्याचे कागदासारखे पातळ काप मागा, जरासे शेकून, आणि सोबत भरपूर गरम भात घ्या.