दोनदा न्याय

सोलापुरात पूर्वी शाळेत छडी खाल्लेल्या मुलाला घरी वडिलांची थप्पडही ठरलेली असे. मास्तरांनी मारले म्हणजे चूक तुझीच! हा न्याय मला कधी पटला नाही. आपल्या राज्यघटनेचे विसावे कलमही एकाच अपराधासाठी दोनदा खटला चालवून शिक्षा देऊ देत नाही.

मग तहव्वूर राणाचे काय? मुंबईत २००८ साली १६६ माणसे मारली गेली. त्या कटाच्या आरोपातून शिकागोच्या ज्यूरीने २०११ मध्ये त्याला सोडले. लष्कर-ए-तोयबाला साहाय्य व डेन्मार्कमधील कट यांबद्दल मात्र २०१३ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२५ मध्ये त्याला भारतात आणले. पुन्हा खटला नको, हे त्याचे म्हणणे अमेरिकी न्यायालयांनी मानले नाही. भारतातील गुन्ह्यांचे कायदेशीर घटक निराळे, असे ती म्हणाली.

हे उत्तर वकिलाला पुरते, मला नाही. मला एवढेच दिसते, की तिथे अमेरिकेचा कायदा मोडला का, हे पाहिले गेले. मुंबईच्या मृतांच्या घरच्यांसमोर राणावरील आरोप कधी तपासलेच गेले नाहीत. म्हणून खटला चालावा. मात्र तो दोषी ठरलाच, तर लष्करच्या साहाय्यापायी तिथे भोगलेली वर्षे न्यायाधीशांनी शिक्षेतून वजा करावीत.